काउंटी म्हणजे नेमकं कोण?

नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा काउंटीच्या मतदारांनी विक्रीकर ०.६२५ टक्क्यांनी वाढवायला मंजुरी दिली. १०० डॉलरच्या करपात्र खरेदीवर साडेबासष्ट सेंट जास्त, ५ वर्षांसाठी. कॅलिफोर्नियात बहुतेक खाद्यपदार्थांवर विक्रीकर नाही, त्यामुळे डाळ-तांदळाच्या बिलात फरक पडणार नाही. फोन, फर्निचर, गाडी यांच्या बिलात मात्र पडेल. सॅन होजे, सनीव्हेल, कुपर्टिनो, मिलपिटास हा सगळा पट्टा या काउंटीत येतो आणि इथे मराठी घरं भरपूर आहेत. ओळखीपाळखीत तेव्हापासून एकच प्रश्न ऐकू येतो: घराचा एवढा कर आपण भरतोच, मग हा आणखी कशाला? शहराला महापौर आहे, राज्याला गव्हर्नर आहे, मग ही मधली काउंटी कोण लागून गेली?

प्रश्न रास्त आहे. वर्षानुवर्षं इथे राहणाऱ्या, शिकलेल्या, नेमानं कर भरणाऱ्या माणसांनाही काउंटीचं काम धड सांगता येत नाही. मला वाटतं याचं कारण त्या कामातच आहे. सगळं सुरळीत चाललेलं असतं तेव्हा आपली गाठ शहराशी पडते: रस्त्यावरचे दिवे, कचऱ्याची गाडी, घराजवळची बाग. काउंटीशी गाठ पडते ती आयुष्यात काहीतरी घडतं तेव्हा. लग्न, घरखरेदी, अपघात, आजारपण, आईवडिलांचं म्हातारपण, घरातला मृत्यू. एरवी ती नजरेआड असते, आणि नजरेआड असल्यामुळे तिच्या निवडणुकीकडे कोणी फिरकत नाही. आपल्या आयुष्याच्या नाजूक वेळा ज्या सरकारच्या हातात आहेत, त्याच्याकडे आपलं सर्वांत कमी लक्ष असावं हे मला बरं वाटत नाही.

शहराच्या वर नाही, शहराच्या शेजारी

अमेरिकेत ३,००० हून जास्त काउंट्या आहेत. काउंटी ही राज्य सरकारनं स्वतःच्या सोयीसाठी पाडलेली प्रशासकीय विभागणी. राज्याचे कायदे प्रत्यक्ष अमलात आणायला प्रत्येक भागात एक यंत्रणा हवी, ती म्हणजे काउंटी. कॅलिफोर्नियानं १८५० मध्ये २७ काउंट्यांपासून सुरुवात केली, सँटा क्लारा ही त्यांतली एक. आज राज्यात ५८ काउंट्या आहेत.

शहराचा जन्म वेगळा. एखाद्या वस्तीतले लोक मिळून ठरवतात की आपल्याला स्वतःची नगरपालिका हवी, आणि रीतसर प्रक्रियेतून शहर स्थापन होतं. सँटा क्लारा काउंटीत अशी १५ शहरं आहेत, आणि २०२० च्या जनगणनेनुसार १९,३६,२५९ माणसं. यांतली कुठलीही नगरपालिका काउंटीच्या हाताखाली काम करत नाही. कुपर्टिनोची सिटी कौन्सिल काउंटीला जाब देत नाही, आणि सॅन होजेचा महापौर काउंटीचा कर्मचारी नाही. दोघांचे कारभार वेगळे, तिजोऱ्या वेगळ्या.

मग शहरांच्या हद्दीबाहेर उरलेल्या जमिनीचं काय? तिथे काउंटीच नगरपालिकेचं काम करते. दक्षिणेकडचं सॅन मार्टिन हे गाव असं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा बहुतेक परिसरही कुठल्याच शहरात मोडत नाही, त्यामुळे तिथे नवी इमारत बांधायची तर परवानगी काउंटीकडे मागावी लागते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला सगळ्यात जवळचं उदाहरण जिल्ह्याचं, पण ते अर्धंच लागू पडतं. आपल्याकडे जिल्हाधिकारी राज्य सरकार नेमतं, पोलीस अधीक्षकही राज्य सरकारच नेमतं, आणि जिल्हा परिषद लोक निवडून देतात. महसूल एकाकडे, प्राथमिक आरोग्य दुसऱ्याकडे, तुरुंग तिसऱ्याकडे. काउंटीत मालमत्तेची कर-आकारणी, निवडणुका, सार्वजनिक आरोग्य, तुरुंग, दस्तनोंदणी ही सगळी कामं एकाच संस्थेत येतात, आणि ती संस्था चालवणारे लोक स्थानिक मतदारांनी निवडलेले असतात. बदली होऊन आलेला आणि बदली होऊन जाणारा साहेब इथे नाही.

पाच माणसं, १३ अब्ज डॉलर

काउंटीचा कारभार बोर्ड ऑफ सुपरवायझर्स पाहतं. सुपरवायझर म्हणजे निवडून आलेला सदस्य. सँटा क्लारात असे ५ आहेत, प्रत्येकाचा मतदारसंघ वेगळा, मुदत ४ वर्षांची. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेत कायद्यानं ५० ते ७५ निवडून आलेले सदस्य असतात, हे लक्षात घेतलं की या ५ जणांचं वजन कळतं. एकेक सुपरवायझर जवळपास ३ लाख ९० हजार लोकांसाठी बोलतो. काउंटीचं वार्षिक अंदाजपत्रक १३ अब्ज डॉलरहून मोठं आहे आणि बहुतेक निर्णयांना ३ मतं पुरतात.

रोजचं प्रशासन बोर्डानं नेमलेल्या काउंटी एक्झिक्युटिव्हच्या हाती असतं. मतदार थेट निवडतात असे आणखी तीन अधिकारी आहेत: तुरुंग आणि पोलीस सांभाळणारा शेरीफ, खटले चालवणारा डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, आणि मालमत्तेची किंमत ठरवणारा असेसर. या तिघांना सुपरवायझर नोकरीवरून काढू शकत नाहीत, कारण त्यांनी नेमलेलंच नसतं. त्यांचा मालक मतदार. या व्यवस्थेचा फायदा आहे तसा तोटाही आहे, तो पुढे येईलच.

आणखी एक बाब मतदार असलेल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी. काउंटीची पदं पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाहीत, आणि प्राथमिक फेरीत एखाद्याला निम्म्याहून जास्त मतं पडली तर निवडणूक तिथेच संपते. ही फेरी जूनमध्ये असते, अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी मार्चमध्ये. फक्त नोव्हेंबरला मत देणाऱ्याच्या मतपत्रिकेवर मग ती लढत येतच नाही.

घराच्या कराचं बिल कोण लावतं, पैसे कोणाला जातात

लोकांचा सर्वांत जास्त राग या बिलावर असतो, म्हणून जरा सावकाश बघू.

दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास काउंटीचं बिल घरी येतं. ते दोन हप्त्यांत भरायचं: पहिला १ नोव्हेंबरला देय, शेवटची तारीख १० डिसेंबर, दुसरा १ फेब्रुवारीला देय, शेवटची तारीख १० एप्रिल. एक दिवस उशीर झाला तरी १० टक्के दंड. बिलावर काउंटीचं नाव पाहून लोकांचा समज होतो की सगळे पैसे काउंटीच्या खिशात गेले. प्रत्यक्षात गणेशोत्सवात एक कार्यकर्ता दारोदार फिरून वर्गणी गोळा करतो आणि ती मांडव, मूर्ती, वाजंत्री, प्रसाद यांच्यात वाटली जाते, तसं हे आहे. मूळ करातला जवळपास निम्मा भाग शाळांना जातो. उरलेल्यातून शहर, काउंटी, आणि पाण्यासारख्या विशिष्ट कामासाठी स्थापन झालेल्या संस्था आपापला वाटा घेतात.

दर काउंटी मनाला येईल तसा ठरवू शकत नाही. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३ मंजूर केलं. त्यानुसार मूळ कर हा घराच्या नोंदलेल्या किमतीच्या १ टक्का, आणि ही किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनी वाढवता येते. घर विकलं गेलं की मात्र ती बाजारभावावर जाते. या १ टक्क्यावर मतदारांनी मंजूर केलेल्या शाळांच्या कर्जरोख्यांसारख्या बाबी चढतात. एकाच रस्त्यावर, एकाच आकाराच्या दोन घरांचे कर चौपट वेगळे असू शकतात ते यामुळेच. एकानं १९९० मध्ये घर घेतलेलं असतं, दुसऱ्यानं परवा.

आता नव्या घरमालकाला धक्का देणारी गोष्ट: सप्लिमेंटल बिल, म्हणजे घर हातात आल्यावर मधल्या काळासाठी येणारं पूरक बिल. समजा जुन्या मालकाच्या नावावर घराची नोंदलेली किंमत ४ लाख डॉलर होती आणि तुम्ही ते डिसेंबरमध्ये १६ लाखांना घेतलंत. काउंटीचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. नवी किंमत पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून, म्हणजे १ जानेवारीपासून धरली जाते. वर्षाचे ६ महिने उरलेले. फरक १२ लाखांचा, त्याचा १ टक्का १२,००० डॉलर, त्याचा निम्मा ६,००० डॉलर. नेहमीच्या बिलाखेरीज हे वेगळं, काही महिन्यांनी, अचानक पत्रपेटीत पडतं. घर जानेवारी ते मे या काळात घेतलं असेल तर अशी दोन बिलं येतात.

यातली मेख अशी की अनेकांचा नेहमीचा कर गृहकर्जाच्या हप्त्यातूनच बँक भरते, पण पूरक बिल बँकेकडे जात नाही. ते थेट मालकाकडे येतं. बँक भरेल या समजुतीनं पाकीट बाजूला ठेवलं की १० टक्के दंड ठरलेला. घर घेताना एवढी रक्कम बाजूला काढून ठेवा, हे मी प्रत्येक नव्या घरमालकाला आवर्जून सांगतो.

असेसर फक्त किंमत ठरवतो, वसुली काउंटीचा दुसरा विभाग करतो. बाजार पडून घराची किंमत नोंदीपेक्षा खाली गेली असेल तर असेसरकडे फेरतपासणी मागता येते, आणि तिथे समाधान झालं नाही तर २ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात अपील करता येतं. त्यासाठी वकील लागत नाही. आजूबाजूच्या अलीकडच्या विक्रीचे आकडे लागतात. शिवाय स्वतः राहत असलेल्या घरासाठी किमतीतून ७,००० डॉलर वजा होतात, म्हणजे वर्षाचे साधारण ७० डॉलर वाचतात. एकदाच अर्ज करायचा असतो, तरी बरेच जण करत नाहीत.

इस्पितळाशी काउंटीचा संबंध काय

विक्रीकराच्या वाढीमागचं खरं कारण इथे आहे. कॅलिफोर्नियाच्या वेल्फेअर अँड इन्स्टिट्यूशन्स संहितेतलं कलम १७००० सांगतं की ज्या गरीब, आजारी रहिवाशांना दुसरा कुठलाच आधार नाही, त्यांची जबाबदारी काउंटीची. काउंटीला ती टाळता येत नाही. काही काउंट्या खासगी दवाखान्यांना पैसे देऊन हे काम करून घेतात. सँटा क्लारानं स्वतःची इस्पितळं चालवण्याचा मार्ग धरला. सँटा क्लारा व्हॅली मेडिकल सेंटर १८७६ पासून आहे. २०१९ मध्ये काउंटीनं ओ'कॉनर आणि गिलरॉयमधलं सेंट लुईस ही दोन इस्पितळं विकत घेतली, ती बंद पडायच्या बेतात होती म्हणून. २०२५ मध्ये पूर्व सॅन होजेतलं रीजनल मेडिकल सेंटर घेतलं. आज चार इस्पितळं काउंटीच्या मालकीची आहेत.

ही इस्पितळं चालतात ती मोठ्या प्रमाणावर मेडिकेडच्या पैशावर. मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, कॅलिफोर्नियात त्याला मेडी-कॅल म्हणतात. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या केंद्रीय कायद्यानं मेडिकेडच्या खर्चाला मोठी कात्री लावली. काउंटीच्या अंदाजानुसार यातून पडणारं खिंडार वर्षाला १ अब्ज डॉलरहून मोठं आहे. वाढीव विक्रीकरातून अपेक्षित आहेत वर्षाला सुमारे ३३ कोटी डॉलर. म्हणजे खिंडाराचा फार तर तिसरा हिस्सा बुजेल.

इथे हमखास येणारा आक्षेप: आमचा विमा कंपनीकडून आहे, आम्ही त्या इस्पितळाची पायरी कधी चढणार नाही, मग आम्ही का भरायचं? याचं उत्तर दयाधर्माच्या भाषेत द्यायची गरज नाही. व्हॅली मेडिकल सेंटर हे पहिल्या श्रेणीचं ट्रॉमा सेंटर आहे, म्हणजे जीवघेण्या अपघातातल्या रुग्णासाठी चोवीस तास शल्यचिकित्सक सज्ज असलेलं ठिकाण. भाजलेल्या रुग्णांसाठीचा खास विभागही तिथे आहे. हायवे १०१ वर गाडी उलटली तर रुग्णवाहिका विमा कार्ड बघून रस्ता ठरवत नाही, योग्य ट्रॉमा सेंटर गाठते. अशी केंद्रं सांभाळणं महाग असतं आणि त्यांतून नफा क्वचितच होतो. रीजनलच्या आधीच्या खासगी मालकांनी तिथली ट्रॉमा सेवा कमी केली होती, ती टिकवणं हे काउंटीनं इस्पितळ घेण्यामागचं एक मोठं कारण होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे पैसे खरंच इस्पितळांना जातील कशावरून? कायद्यानं तशी सक्ती नाही. हा जनरल टॅक्स आहे, म्हणजे पैसे काउंटीच्या सर्वसाधारण तिजोरीत जातात. एका विशिष्ट कामाला बांधलेल्या करासाठी सहसा दोन तृतीयांश मतं लागतात, जनरल टॅक्सला साधं बहुमत पुरतं, आणि काउंटीनं हा सोपा रस्ता निवडला. म्हणून मत देऊन आपलं काम संपलं असं समजू नये. पैसे कुठे गेले हे दर वर्षीच्या अंदाजपत्रकात दिसेल, आणि ते बघावं लागेल.

१६ मार्च २०२०

काउंटीच्या अधिकाराची खरी ताकद दिसली ती या दिवशी. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपट्ट्यातल्या (बे एरियातल्या) सहा काउंट्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एकत्र येऊन लोकांना घरात थांबण्याचा आदेश दिला. अमेरिकेतला कोविड काळातला असा हा पहिला आदेश. सँटा क्लाराच्या आरोग्य अधिकारी डॉ. सारा कोडी त्यात आघाडीवर होत्या. राज्याच्या गव्हर्नरांचा आदेश त्यानंतर तीन दिवसांनी आला. कोट्यवधी डॉलरची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांची कार्यालयं बंद झाली ती काउंटीच्या डॉक्टरांच्या सहीनं, कारण साथीच्या काळात हा अधिकार राज्याच्या कायद्यानंच काउंटीच्या आरोग्य अधिकाऱ्याला दिला आहे.

निवडून न आलेल्या माणसाला एवढा अधिकार असावा का, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. हा अधिकारी बोर्ड नेमतं आणि बोर्ड त्याला हटवू शकतं, म्हणून जबाबदारीची साखळी तुटत नाही. साथीत दर निर्णयावर मतदान घेत बसलो तर रोग पुढे पळतो, असं माझं मत. पण निर्णय जड होते आणि त्यांची किंमत लहान दुकानदारांनी मोजली, हेही तितकंच खरं.

रोजच्या रस्त्यावरची काउंटी

सनीव्हेलहून लॉरेन्स एक्स्प्रेसवेनं जाताना चाक खड्ड्यात आदळलं की लोक सनीव्हेल शहराला फोन लावतात. शहर सांगतं, हा रस्ता आमचा नाही. लॉरेन्स, सॅन टोमास, सेंट्रल, फूटहिल, मॉन्टेग्यू, अल्मेडन, कॅपिटॉल हे सगळे एक्स्प्रेसवे काउंटीचे. त्यांवरचे खड्डे आणि सिग्नल काउंटीनं बघायचे. त्यांना छेदणारी गल्ली शहराची.

हॉटेलच्या दारात काचेवर हिरवा, पिवळा किंवा लाल फलक असतो. तोही काउंटीचा. पर्यावरण आरोग्य विभागाचा निरीक्षक न कळवता येतो, फ्रीजचं तापमान, भांडी धुण्याची सोय, झुरळ-उंदरांच्या खुणा तपासतो. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे गंभीर त्रुटी सापडल्या आणि फेरतपासणी होणार, लाल म्हणजे बंद. डोसा खायला शिरण्याआधी त्या काचेकडे एक नजर टाकावी.

दिवाळीत घरी फराळ करून विकणाऱ्या बायकांसाठी हाच विभाग महत्त्वाचा. २०१३ पासून कॅलिफोर्नियात घरच्या स्वयंपाकघरात काही पदार्थ करून विकायला कायदेशीर मुभा आहे, त्याला कॉटेज फूड म्हणतात. थेट गिऱ्हाइकाला विकायचं तर नोंदणी, दुकानामार्फत विकायचं तर परवाना आणि तपासणी. पदार्थांची यादी राज्य ठरवतं, आणि थंड ठेवावे लागणारे पदार्थ त्यात बसत नाहीत. आपला लाडू-चिवडा यादीत बसतो का, लेबलवर काय लिहायचं, हे काउंटीच्या या विभागाला आधी विचारून घ्यावं. तक्रार झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे.

लग्नाचा परवाना काउंटी क्लर्ककडे मिळतो. दोघांनी स्वतः हजर राहावं लागतं, परवाना ९० दिवस चालतो आणि राज्यात कुठेही लग्न करता येतं. भटजींनी लग्न लावलं की सही केलेला परवाना १० दिवसांत काउंटीकडे परत गेला पाहिजे. ही जबाबदारी लग्न लावणाऱ्याची. अक्षता पडल्या की सगळे जेवणाकडे वळतात आणि हा कागद कोणाच्या तरी पिशवीत राहून जातो, म्हणून तो कोण पाठवणार हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवावं. घराचं खरेदीखत, जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या प्रती याही काउंटीकडेच मिळतात. घरात मृत्यू झाला आणि अस्थी भारतात न्यायच्या असतील तर मृत्यूच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती हाताशी लागतात, त्या सुरुवातीलाच एकदोन जास्त मागवाव्यात.

मेडी-कॅल आणि अन्नधान्यासाठीची कॅलफ्रेश मदत यांचे अर्ज काउंटी तपासते. नियम राज्याचे आणि केंद्राचे, पण खिडकीवर बसलेला माणूस काउंटीचा. अपंग किंवा वृद्ध व्यक्तीला घरी मदतनीस मिळवून देणारी योजनाही काउंटीच चालवते. मुलांच्या संरक्षणाचा विभागही काउंटीचा. मुलावर मार बसल्याचा संशय आला तर ते कळवणं शिक्षकावर कायद्यानं बंधनकारक आहे, आणि चौकशीला येणारी व्यक्ती काउंटीची असते. नव्यानं आलेल्या आईवडिलांना, आजीआजोबांना हे आधीच सांगितलेलं बरं.

आणि सुटीचा दिवस घालवायला २८ काउंटी पार्क आहेत, सुमारे ५२,००० एकरांवर पसरलेले. मिलपिटासच्या टेकड्यांवरचं एड लेव्हिन पार्क त्यांतलंच.

कुपर्टिनोला पोलीस खातंच नाही

हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. कुपर्टिनो, साराटोगा आणि लॉस अल्टोस हिल्स या शहरांनी स्वतःचं पोलीस दल ठेवलेलं नाही, त्यांनी शेरीफच्या कार्यालयाशी करार केला आहे. शहर पैसे देतं, शेरीफची माणसं गस्त घालतात. कुपर्टिनोत आग विझवायलाही काउंटीचंच अग्निशमन दल येतं, आणि तिथलं वाचनालय काउंटीच्या लायब्ररी डिस्ट्रिक्टचं आहे. शेजारच्या सनीव्हेलचं मात्र सगळं स्वतःचं. म्हणून दोन मित्रांचे अनुभव जुळत नाहीत.

उलट काही गोष्टी काउंटीच्या वाटतात, पण तिच्या नाहीत. वाहन परवान्याचं डीएमव्ही राज्याचं. न्यायालयाच्या नावात काउंटी असली तरी ते राज्याच्या न्यायव्यवस्थेचा भाग. बस आणि लाइट रेल चालवणारी व्हीटीए, पाणी बघणारी व्हॅली वॉटर या स्वतंत्र संस्था. शाळा स्वतंत्र शाळामंडळांच्या.

कॅलिफोर्नियाबाहेर हे चित्र बदलतं. न्यू जर्सीत एडिसन ज्या मिडलसेक्स काउंटीत येतं, तिथे बोर्ड ऑफ काउंटी कमिशनर्स असतं. टेक्सासमध्ये काउंटीच्या प्रमुखाला काउंटी जज म्हणतात. व्हर्जिनियात शहरं काउंटीपासून पूर्ण अलग असतात, आणि फेअरफॅक्ससारख्या काउंटीत शाळाही काउंटीच्या पातळीवर चालतात. कनेक्टिकटनं १९६० मध्ये काउंटी सरकारंच बरखास्त केली. सॅन फ्रान्सिस्को तर एकाच वेळी शहरही आहे आणि काउंटीही. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या भावाच्या सल्ल्यावर आपली तारीख किंवा खिडकी ठरवू नये.

यांच्यावर लक्ष कोण ठेवतं?

निवडून आलेल्या अधिकाऱ्याला बोर्ड काढू शकत नाही, हा तोटा २०२२ मध्ये ठळक दिसला. शेरीफ लॉरी स्मिथ यांच्यावर छुपं शस्त्र बाळगण्याच्या परवान्यांत गैरप्रकार केल्याचे आरोप झाले. प्रकरण सिव्हिल ग्रँड ज्युरीनं पुढे नेलं. ही १९ सामान्य नागरिकांची समिती असते, दर वर्षी नवी, आणि ती काउंटीच्या व शहरांच्या कारभाराची चौकशी करते. स्मिथ यांनी राजीनामा दिला आणि काही दिवसांत, नोव्हेंबर २०२२ मध्ये, न्यायालयातल्या ज्युरीनं त्यांना दोषी ठरवलं. शेजारच्या सॅन मटेओ काउंटीत मतदारांनी मार्च २०२५ मध्ये वेगळा उपाय केला: शेरीफला हटवण्याचा अधिकार काही काळासाठी सुपरवायझरांना दिला.

ग्रँड ज्युरीसाठी अमेरिकन नागरिक असलेला कोणीही पात्र रहिवासी अर्ज करू शकतो. तिचा अहवाल आला की संबंधित संस्थेला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावं लागतं. निवृत्त झालेल्या, हिशेब नीट कळणाऱ्या आपल्या किती तरी मंडळींना हे काम छान जमेल.

मत नसलं तरी

आम्ही व्हिसावर आहोत किंवा ग्रीन कार्डावर, आम्हाला मत नाही, मग हे वाचून काय करू? एक तर यातल्या बहुतेक सेवा घ्यायला मतदार असावं लागत नाही. ट्रॉमा सेंटर, लग्नाचा परवाना, वाचनालय, हॉटेलची तपासणी, कराचं अपील यांत नागरिकत्व कोणी विचारत नाही. दुसरं, बोलायचा हक्क सगळ्यांना आहे. १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार बोर्डाच्या नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते, सभा खुली असते, आणि कोणीही उभं राहून आपलं म्हणणं मांडू शकतं. नाव सांगणंही सक्तीचं नाही. सभा सहसा मंगळवारी, सॅन होजेत ७० वेस्ट हेडिंग स्ट्रीटवर भरते.

नागरिक होऊन मतदार नोंदणी केलेल्यांना मतपत्रिका आपोआप टपालानं येते, आणि मतदार नोंदणी कार्यालय हिंदीतूनही साहित्य पुरवतं. सुपरवायझर आणि असेसर यांची नावं मतपत्रिकेवर कुठेतरी खाली असतात. तिथपर्यंत भरत जावं.

वाढीव करातून किती पैसे इस्पितळांना गेले हे बघायचं असेल तर अंदाजपत्रकाचा काळ धरावा. एक्झिक्युटिव्हचा मसुदा वसंतात जाहीर होतो, मे महिन्यात त्यावर चर्चा होते, जूनमध्ये सुनावण्या होऊन १ जुलैच्या आत तो मंजूर होतो. जूनच्या सभेत बोलायला दोन-एक मिनिटं मिळतात आणि तोवर आकडे बहुतेक ठरलेले असतात. आपल्या सुपरवायझरच्या कार्यालयाला ईमेल लिहायची तर ती मे महिन्यातच लिहावी.